विधवेचा, अनाथाचा आणि उपऱ्याचा हक्क

(सामान्य काळातील तिसावा रविवार, वर्ष 'अ'. पहिले वाचन : निर्गम 22:20-26. शुभवर्तमान : मत्तय 22:34-40)



दसरा होऊन गेला, दिवाळी तोंडावर आली. सोयाबीन मोंढ्यावर पोहोचले. ज्यांच्याकडे रान आहे ते रब्बीच्या पेरणीला लागले आहेत. ज्यांच्याकडे नाही, किंवा असून नसल्यासारखे आहे, त्यांच्या दारात मुकादमाच्या चकरा सुरू झाल्या आहेत. कारखान्यांचे बॉयलर पेटले की टोळ्या निघतील. लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतील वाड्या-तांड्यांवरून नवरा-बायकोचा एक कोयता धरून, पोरेबाळे, भांडीकुंडी, शेरडू-करडू ट्रकमध्ये घालून कितीतरी कुटुंबे पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातील. आपल्या ओळखीतली काही घरेही त्यांत असतील.

दर तीन वर्षांनी नेमक्या याच दिवसांत ख्रिस्तसभा आपल्यापुढे निर्गमच्या पुस्तकातील आजचा उतारा ठेवते. घरी गेल्यावर तो पुन्हा एकदा सावकाश वाचा. (काही बायबलमध्ये वचनांचे क्रमांक एकाने पुढे आहेत, गोंधळून जाऊ नका.) परमेश्वर मोशेद्वारे आपल्या प्रजेला सांगतो की उपऱ्याला छळू नका, विधवेला आणि पोरक्या मुलाला गांजू नका, गरिबाला पैसे दिले तर सावकारासारखे वागू नका, आणि एखाद्याचे पांघरूण गहाण ठेवून घेतले असेल तर दिवस मावळण्याआधी ते त्याला परत द्या.

या शेवटच्या आज्ञेपाशी थोडे थांबू या. पैसे दिले, वस्तू गहाण घेतली, दोघांचीही संमती होती. व्यवहार चोख आहे. कोणत्याही पंचापुढे गेलात तरी पांघरूण सावकाराकडेच राहील. तरीही देव म्हणतो, परत दे! कारण काय? तर त्या माणसाकडे अंगावर घ्यायला दुसरे काही नाही, आणि रात्री थंडी वाजते. एवढेच कारण. थंडी वाजणारे शरीर हे गहाणखतापेक्षा मोठे आहे. उपऱ्याबद्दलही तसेच. तो इस्राएली आहे का, त्याची सुंता झाली आहे का, तो कोणत्या देवाला भजतो, असा एकही प्रश्न देव विचारत नाही. तुम्हीही मिसर देशात उपरेच होता, एवढी आठवण तो करून देतो.

मग हा हक्क आला कुठून? राजाने दिला नाही, करारात लिहिला नाही. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की, ज्यांच्याकडे मोशेचे नियमशास्त्र नाही अशा लोकांच्याही अंतःकरणावर देवाचा नियम लिहिलेला असतो. यालाच ख्रिस्तसभा नैसर्गिक नियम म्हणते. पाऊस-पाण्याच्या किंवा ग्रह-ताऱ्यांच्या नियमांशी याचा संबंध नाही. माणसाला देवाने ज्या घडणीचा बनवला त्या घडणीतूनच त्याला काय देणे लागते हे कळून येते, आणि ते हिंदूला, मुसलमानाला, बौद्धाला, ख्रिस्ती माणसाला सारखेच कळते, असा त्याचा अर्थ.

हे सारे पुस्तकी वाटेल. पण सुमारे पाचशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावर लाखो माणसांचे जगणे-मरणे येऊन ठेपले होते. त्याची सुरुवात एका प्रवचनानेच झाली, म्हणून प्रवचन ऐकताना डुलकी काढणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे! 1511 सालच्या आगमनकाळातील चौथ्या रविवारी कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूंनी वेदीजवळून स्पॅनिश जमीनदारांना खडसावून विचारले, की या बेटावरील लोकांना तुम्ही कोणत्या अधिकाराने राबवता, आणि ते माणसेच आहेत हे तुम्हांला दिसत नाही का. समोर बसलेले सारे नियमाने मिस्साला येणारे कॅथलिक होते. ते संतापले. धर्मगुरूंनी शब्द मागे घ्यावेत म्हणून त्यांनी मठावर मोर्चाच नेला. पुढच्या रविवारी फादर मोंतेसिनोस पुन्हा उभे राहिले आणि तेच बोलले.

हा प्रश्न समुद्र ओलांडून स्पेनमधील सालामांका विद्यापीठात पोहोचला. तेथे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हे डॉमिनिकन फादर 1526 पासून ईश्वरविज्ञान शिकवत होते. ते स्वतः अमेरिकेला कधीच गेले नाहीत. पण तिकडून परतणारे लोक काय सांगतात ते त्यांच्या कानी येत होते. पेरूच्या राजाला कसे ठार मारले हे ऐकल्यावर अंगातले रक्त गोठते, अशा अर्थाचे पत्र त्यांनी 1534 मध्ये आपल्या एका वरिष्ठांना लिहिले. जानेवारी 1539 मध्ये त्यांनी भर सभेत व्याख्यान दिले. त्यांचा प्रश्न साधा होता : स्पॅनिश जहाजे येण्यापूर्वी ते लोक आपल्या घरादाराचे, जमिनींचे आणि गावकीचे खरे मालक होते की नाहीत?

विरोधी पक्ष म्हणे, ते मूर्तिपूजक आहेत, पापी आहेत, अडाणी आहेत, त्यांना मालकी कसली! फादर व्हितोरियांनी एकेक मुद्दा घेतला. पापाने मालकी जात नाही. जात असती तर स्पेनमध्येच किती घरे कोणाची राहिली असती? श्रद्धा नसल्याने मालकी जात नाही. कारण मालकी ही श्रद्धेच्या आधारावर उभी नसून माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे या गोष्टीवर उभी आहे. सम्राट साऱ्या जगाचा धनी नाही. आणि, हे कॅथलिक धर्मगुरू कॅथलिक राजाच्या विद्यापीठात बोलत आहेत हे लक्षात घ्या, पोपमहोदयांनाही त्या लोकांवर ऐहिक सत्ता नाही, म्हणून त्यांनी ती कोणाला बहाल करण्याचा प्रश्नच येत नाही. सुवार्ता ऐकून ती त्यांनी स्वीकारली नाही, तरी तेवढ्यावरून युद्ध करता येत नाही. सम्राट पाचव्या चार्ल्सला हे रुचले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने सालामांकाच्या डॉमिनिकन मठाच्या प्रमुखांना पत्र पाठवून ही चर्चा बंद करण्यास फर्मावले. व्हितोरिया 1546 मध्ये वारले. त्यांची व्याख्याने छापून निघाली ती 1557 मध्ये, आणि तीही स्पेनबाहेर, फ्रान्समधील लिओन शहरात.

ते एकटे नव्हते. 1537 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी जाहीर केले होते की अमेरिकेतील लोकांना आणि पुढे ख्रिस्ती लोकांच्या परिचयाचे होतील अशा सर्वच लोकांना, ते श्रद्धेबाहेर असले तरी, स्वातंत्र्यापासून आणि मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही. येशूसंघाचे फादर फ्रान्सिस्को सुआरेझ पोर्तुगालच्या कोइंब्रा विद्यापीठात शिकवत. 1612 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कायद्यांवरील आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की अन्यायी हुकूम हा खऱ्या अर्थाने कायदाच नसतो.

या थोर माणसांची आरती ओवाळून थांबणे मात्र बरे नाही. व्हितोरियांनी परक्या देशात जाण्या-येण्याचा आणि व्यापाराचा हक्कही नैसर्गिक मानला, आणि तो कोणी बळाने अडवला तर युद्ध करता येते असे म्हटले. दाराची एवढी फट जेत्यांना पुरेशी असते. आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या पोर्तुगीज जहाजांबद्दल विचारले गेले तेव्हा त्यांची लेखणी तितकी धारदार राहिली नाही.

आता गोव्याकडे येऊ. हा भाग आपल्याला कडू लागेल, पण तो आपल्याच किनाऱ्यावर घडला आहे, आणि चौकात-चावडीवर कोणी आपल्याला त्यावरून टोकले तर खाली मान घालून गप्प बसण्यापेक्षा काय घडले ते नीट ठाऊक असावे. मार्च 1559 मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने गोव्यासाठी एक हुकूम निघाला. आई, बाप, आजी, आजोबा कोणीच नाहीत आणि स्वतःची समज अजून आलेली नाही, अशी हिंदूंची मुले ताब्यात घेऊन गोव्यातील येशूसंघाच्या सेंट पॉल महाविद्यालयात द्यावीत, त्यांना बाप्तिस्मा देऊन वाढवावे, असा तो हुकूम. पुढे त्याचा अर्थ ताणला गेला. बाप वारला आहे पण आई हयात आहे, अशी मुलेही 'अनाथ' ठरू लागली. नातेवाईक मुलांना लपवू लागले, रातोरात खाडी ओलांडून विजापूरच्या आदिलशाही मुलखात नेऊ लागले. अ. का. प्रियोळकर या थोर मराठी संशोधकांनी पोर्तुगीज कागदपत्रांच्या आधारे हे सारे मांडून ठेवले आहे.

ज्या राजाच्या नावाने हा हुकूम निघाला तो दों सेबास्तियांव त्या वेळी पाच वर्षांचा होता. त्याचा बाप त्याच्या जन्माआधीच वारला होता. आई जिवंत होती, पण ती त्याला सोडून स्पेनला गेली होती. आजी त्याच्या वतीने कारभार पाहत होती. म्हणजे गोव्यातील ताणलेल्या व्याख्येप्रमाणे तो बाळराजा स्वतःच अनाथ होता. त्याला कोणी आजीच्या मांडीवरून उचलून परक्यांच्या हवाली केले असते, तर साऱ्या लिस्बनमध्ये हलकल्लोळ झाला असता. गोव्यातील आजीच्या मांडीची किंमत मात्र कोणी धरली नाही.

हुकूम काढणाऱ्यांचा हेतू त्यांच्या दृष्टीने चांगलाच होता, मुलाचा आत्मा तारण्याचा. येथेच नैसर्गिक नियम आडवा येतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे हाच प्रश्न यहुदी मुलांच्या संदर्भात आला होता. आईबापांच्या मर्जीविरुद्ध त्यांना बाप्तिस्मा द्यावा का? संत थॉमस यांनी स्पष्ट 'नाही' म्हटले. ते म्हणतात, समज येईपर्यंत मूल निसर्गतःच आईबापांच्या छायेत असते, जसे ते आधी आईच्या उदरात होते. त्या छायेतून त्याला ओढून काढणे हे नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे, मग हेतू कितीही पवित्र असो. कृपा ही निसर्गाला मोडत नाही. सालामांकाचे गुरुजन याच संत थॉमसचा ग्रंथ वर्गात पाठ्यपुस्तक म्हणून शिकवत होते. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारे गोव्याचा हुकूम चुकीचा ठरतो, तो ग्रंथ ख्रिस्तसभेच्याच कपाटात होता. 1567 च्या गोव्यातील पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने तर, कोणालाही बळजबरीने श्रद्धेत आणता येत नाही, असे लिहूनही ठेवले. आणि त्याच परिषदेने पोर्तुगीज मुलखातील देवळे पाडावीत अशीही मागणी केली. एकाच बैठकीत, एकाच शाईने! कपाटातला ग्रंथ आणि हातातली सत्ता यांची गाठ पडली की बहुतेक वेळा ग्रंथच मागे सरतो.

ख्रिस्तसभेला हे पुरते उमगायला फार काळ लागला. धर्मस्वातंत्र्य हे माणसाच्या प्रतिष्ठेतून येते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी जाहीर केले. सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी 12 मार्च 2000 रोजी भर मिस्सामध्ये देवाकडे क्षमा मागितली. आणि नव्याने 'शोधलेला' मुलूख शोधणाऱ्याच्या मालकीचा होतो, या जुन्या समजुतीशी ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा संबंध नाही, असे व्हॅटिकनने 30 मार्च 2023 रोजी लेखी कळवले. व्हितोरियांच्या व्याख्यानानंतर पावणेपाचशेहून अधिक वर्षांनी!

आता तुम्ही म्हणाल, फादर, गोवा राहिला दूर, स्पेन त्याहून दूर. आमच्या मुकादमाचे काय? तिकडेच येतो.

आपल्या मराठवाड्यातही कायदा एकीकडे आणि न्याय दुसरीकडे, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. निजामी अमलात गावकुसाबाहेरच्या वस्तीला वेठ होती. पाटलाचा निरोप आला की हातातले काम टाकून जायचे, मजुरी विचारायची नाही. रिवाज होता, दप्तर होते, शिक्का होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी ते राज्य संपले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिने घडवलेल्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमात वेठबिगारीला मनाई आली. घटनेच्या इंग्रजी पाठातसुद्धा तेथे आपल्या ओळखीचा 'बेगार' हाच शब्द जसाच्या तसा घातला आहे. हे कलम केवळ नागरिकांपुरते नाही. माणूस असला की पुरे.

पण वेठ रूप पालटून येते. आता तिचे नाव उचल आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कोणाचे आजारपण असते, कोणाच्या मुलीचे लग्न ठरलेले असते. मुकादम पैसे देतो, कागदावर अंगठा घेतो. हंगामात बाई बाळंत झाली, गडी आजारी पडला, खाडे झाले, तर तोडीच्या हिशेबातून कापून उरलेली उचल पुढच्या वर्षावर जाते. मध्येच परतायचे म्हटले तर उत्तर ठरलेले : "पैसे मोजून घेताना गोड लागले ना? अंगठा तुझाच आहे ना?" मुकादमाच्या मागेही कारखान्याचा तगादा असतो, टोळीने पैसे बुडवले तर त्याचे घर बसते, हे मला ठाऊक आहे. सगळे मुकादम राक्षस नसतात. तरीही प्रश्न उरतोच. भुकेने दिलेला अंगठा ही संमती होते का?

सालामांकातच फादर व्हितोरियांचे सहकारी दोमिंगो दे सोतो होते. त्या काळी स्पेनमधील काही शहरांनी नियम केला की परगावच्या गरिबांनी येथे राहू नये, आपापल्या गावी परत जावे. 1545 मध्ये दे सोतो यांनी गरिबांच्या बाजूने एक लहानसे पुस्तक लॅटिन आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत काढले. त्यांचा युक्तिवाद असा : हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा आहे आणि गरिबी हा गुन्हा नाही. काही मुलूख सुपीक असतात, काही कोरडे. सारे एका शरीराचे अवयव. तेव्हा कोरड्या मुलखातला माणूस पोटासाठी सुपीक मुलखात गेला तर तो तेथे चोर म्हणून जात नाही, हक्काने जातो. हुआन दे रोब्लेस या बेनेडिक्टाइन मठाधिपतींनी लगेच त्यांना उत्तर लिहिले, की मदत शिस्तीने वाटली तर कोणाला दारोदार फिरावेच लागणार नाही. त्यांचेही अगदीच खोटे नव्हते. पण दे सोतो यांची नजर आज रात्री उघड्यावर झोपणाऱ्या माणसावर होती, निर्गमच्या पुस्तकातील पांघरुणावर होती, असे मला वाटते. आपल्या कोरड्या मुलखातून उसाच्या हिरव्या मुलखात जाणाऱ्यांना तेथे फडाच्या कडेला कोपी ठोकून राहावे लागते, पाण्याच्या नळावर 'तुम्ही बाहेरचे' हे ऐकावे लागते, तेव्हा दे सोतो आठवतात.

आणि अंगठ्याचे उत्तर? पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये कामगारांविषयीच्या परिपत्रात ते दिले आहे. याहून वाईट काही होऊ नये या भीतीने किंवा गरजेपोटी माणूस अपुरी मजुरी कबूल करतो, तेव्हा तो जबरदस्तीचाच बळी असतो, कारण पोट भरण्यापुरती मजुरी मिळणे हा निसर्गाचा न्याय कोणत्याही करारापेक्षा जुना आहे. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निवाडा दिला, की गरिबीच्या रेट्याने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत करावे लागणारे काम हे 23 व्या कलमातील सक्तीचेच काम होय. न्यायमूर्तींनी पोपमहोदयांचे परिपत्र वाचले होते की नाही याला महत्त्व नाही. संत पौल म्हणतो त्याप्रमाणे तो नियम त्यांच्याही अंतःकरणावर होताच.

तेव्हा या आठवड्यात जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात धरा. घेतलेली रक्कम, कोयत्याचा दर आणि मुदत कागदावर लिहून घ्या, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. उचलीपोटी कोणी अडकवून ठेवले, मजुरी दिली नाही, तर 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, आणि असे वेठीचे कर्ज फेडण्याचे बंधन त्या कायद्यानेच रद्द ठरते. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायची. लिहिता येत नसेल तर मिशनमध्ये या, आम्ही लिहून देऊ. तक्रार करणारा आपल्या देवळात येतो की नाही, हे विचारले जाणार नाही. ज्यांच्या रानात बाहेरून मजूर येतात, ज्यांची वीटभट्टी आहे, ज्यांच्या घरी कामाला बाई येते, अशीही मंडळी आज समोर बसली आहेत. पांघरुणाची आज्ञा त्यांच्यासाठी आहे, आणि तिची मुदत आज दिवस मावळेपर्यंतची आहे.

उरली मुले. आईबाप फडावर गेले की ती एक तर शाळा सोडून बरोबर जातात, नाही तर म्हाताऱ्या आजीपाशी राहतात. गोव्यात मुलांना आजीच्या मांडीवरून ओढून नेले गेले. आपल्याला त्या आजीच्या घरी धान्य पोहोचवायचे आहे, म्हणजे मूल तिच्याजवळच राहील आणि शाळेतही जाईल. ज्या घरांतून टोळी निघणार आहे त्यांनी मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी सिस्टरांकडे मुलाचे नाव, इयत्ता आणि मागे कोण राहणार ते सांगावे. ज्यांना महिन्याला पाच-दहा किलो ज्वारी किंवा तांदूळ देता येईल त्यांच्यासाठी शेजारीच दुसरी वही ठेवली आहे.